परदेशी संशोधन केंद्राबरोबर इम्प्लांटवर काम करायचे आहे: पेटंटच्या वाट्याआधी काय ठरवावे

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की तुमची कंपनी मणक्यात बसवायचे टायटॅनियमचे केज, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसणारे पोकळ आधार, बनवते आणि आजवरचे सगळे काम सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या धातू कापायच्या यंत्रांवर, झाले आहे. आता केजच्या अंगातच जाळी हवी, हाड तिच्यात वाढत जावे, म्हणून थ्रीडी प्रिंटिंगकडे, म्हणजे धातूची पावडर थराथराने लेझरने वितळवून भाग ‘छापण्याकडे’, वळायचे आहे. यंत्र मागवले आहे, पण ते चालवण्याचा अनुभव नाही. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडे तो आहे आणि संयुक्त प्रकल्पाला ते तयार आहेत. पंधरा दिवसांनी पहिली बैठक आहे. तुमचे प्रश्न दोन: पेटंटमध्ये निम्मा वाटा मागावा का, आणि दीड वर्षात उत्पादन बाजारात येईल का.

मी २२ वर्षे इम्प्लांटच्या उत्पादनात आहे, मुख्यतः प्रोसेस व्हॅलिडेशनमध्ये (प्रक्रिया दर वेळी तसाच भाग देते हे सिद्ध करण्यात), आणि वेगवेगळ्या देशांतल्या चार संशोधन संस्थांबरोबर काम केले आहे. मी वकील नाही, त्यामुळे कराराची भाषा वकिलाकडूनच घ्या. पण वकिलाला काय लिहायला सांगायचे हे कारखान्यातून ठरते, आणि त्याबद्दल मी बोलू शकते.

पेटंटच्या वाट्याकडे येतेच. पण मी पाहिलेल्या प्रकल्पांपैकी एकही वाट्यावरून अडला नाही. अडले ते सगळे एकाच जागी: तिकडे जे सिद्ध झाले ते इकडे आणता आले नाही. तुमची खरी अडचणही तिथेच येणार आहे, म्हणून आधी एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी प्रयोगशाळेने आमच्यासाठी जाळीदार रचनेचे ३६ नमुने छापले. फटीग चाचणीचे, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन भाग टिकतो का ते पाहण्याचे, निकाल उत्तम आले. ते आमच्या तांत्रिक फाइलमध्ये, म्हणजे नियामकाला दाखवायच्या पुराव्यांत, जाणार होते. फाइल तपासताना मी साधा प्रश्न विचारला: प्रत्येक नमुना कोणत्या लॉटच्या पावडरमधून आला आणि ती पावडर त्याआधी किती वेळा वापरली होती? लॉट नंबर मिळाला, पण वापराची नोंद नव्हती. प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की छपाईनंतर उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात आणि दर फेरीत तिच्यात ऑक्सिजन थोडा थोडा वाढत जातो. इम्प्लांटसाठी लागणाऱ्या ईएलआय (जास्त शुद्ध) ग्रेडच्या टीआय-६४ या टायटॅनियमच्या मिश्रधातूमध्ये ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.१३ टक्के आहे, साध्या ग्रेडला ०.२० टक्के चालतो. मर्यादा ओलांडली की धातू कडक होतो आणि न तुटता ताणला जाण्याची त्याची क्षमता घटते.

मी स्वतः तिथे गेले. तिथला तंत्रज्ञ अतिशय काळजीपूर्वक काम करणारा माणूस होता. त्याने मला पावडरचा डबा दाखवला. झाकणावर पेन्सिलने सात रेघा होत्या. दर वेळी चाळले की एक रेघ. म्हणजे नोंद होती, पण तारखेशिवाय. शिवाय प्रकल्प अर्ध्यावर असताना त्याच डब्यात नवी पावडर मिसळली होती, ती कोणत्या रेघेनंतर हे कोणालाच आठवेना. त्यामुळे ३६ पैकी कोणता नमुना कोणत्या रेघेचा, हे सांगता येईना. ते निकाल आम्हाला बाजूला ठेवावे लागले. नवीन लॉट घेऊन सगळे पुन्हा छापले, पुन्हा तपासले. आठ महिने गेले.

त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही. त्याच्या कामापुरत्या त्या रेघा बास होत्या. संशोधक विचारतो, हे होऊ शकते का? आपल्याला विचारले जाते, हे दर वेळी होईल का, आणि ते कशावरून म्हणता? वैद्यकीय उपकरणांच्या दर्जा-व्यवस्थेचे आयएसओ १३४८५ हे मानक असो, युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा २०१७/७४५ क्रमांकाचा नियम असो की अमेरिकेतल्या एफडीए या नियामकाचा दर्जा-व्यवस्थेचा नवा नियम असो (२ फेब्रुवारी २०२६ पासून त्यातही आयएसओ १३४८५ चाच पाया घेतला आहे), सगळीकडे उत्पादक म्हणून जबाबदारी तुमच्या कंपनीची असते. तपासनीस विद्यापीठाला फोन करणार नाही, तुमच्याकडेच कागद मागेल.

यावर अनेक कंपन्या एक चूक करतात. घाबरून त्या अख्ख्या विद्यापीठावर स्वतःची दर्जा-व्यवस्था लादायला जातात. सत्तर पानांच्या कार्यपद्धती पाठवतात, दर प्रयोगाला सही मागतात. तीन महिन्यांत संशोधक वैतागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण शोध घेताना माणसाला हात मोकळा लागतो. मी काय करते ते सांगते. प्रकल्पाच्या आराखड्यात एक ठळक रेघ आखायची. रेघेच्या अलीकडे शोध: शंभर प्रकारच्या जाळ्या छापा, नव्वद फेकून द्या, वहीत कसेही लिहा. ज्या दिवशी रचना आणि यंत्राची सेटिंग्ज गोठवली, त्या दिवसापासून रेघेच्या पलीकडे. तिथून पुढे प्रत्येक नमुन्याबरोबर आमचा ट्रॅव्हलर, म्हणजे नोंदींचा कागद, फिरतो: पावडरचा लॉट, वापराची फेरी, ज्या प्लेटवर भाग छापतात तिच्यावरची जागा, फिल्टर कधी बदलला, उष्णता-प्रक्रियेचा आलेख, चालवणाऱ्याची सही. आणि शक्य असेल तर रेघेपलीकडचे काम तुमच्याच कारखान्यात करा. शेवटी दर आठवड्याला हा भाग तिथेच छापला जाणार आहे.

आता सेटिंग्जबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज असतो. लेझरची शक्ती, स्कॅनचा वेग, लेझरच्या दोन ओळींमधले अंतर आणि पावडरच्या थराची जाडी असे चार आकडे असतात. शक्तीला बाकी तिघांच्या गुणाकाराने भागले की ऊर्जा-घनता मिळते. शोधनिबंधांत हा आकडा हमखास असतो आणि वाटते की तो आपल्या यंत्रावर ठेवला की तोच भाग निघेल. तसा तो निघत नाही. भरीव ठोकळा बहुधा जमतो, पण जाळी जमत नाही. जाळीची काडी साधारण २०० ते ३०० मायक्रॉन जाड आणि लेझरचा ठिपका ७० ते १०० मायक्रॉनच्या घरात. म्हणजे काडीची रुंदी दोन-तीन ओळींत संपते. ठिपका जरा मोठा असला, प्लेटवरून वाहणाऱ्या आर्गॉनचा झोत जरा मंद असला आणि उडालेले कण भागावरच पडले, तर काडी जाड होते, खरबरीत होते, नाहीतर मधेच तुटते. आणि फटीगमध्ये जाळी बहुधा अशा कमकुवत काडीपाशी आधी मोडते.

म्हणून त्यांच्याकडून नुसते आकडे घेऊ नका. ते आकडे कसे शोधले ती पद्धत घ्या: कोणत्या मर्यादेत बदल करून पाहिले, कुठे बिघडले, बिघडलेल्या नमुन्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो. फसलेले प्रयोग कोणी अहवालात लिहीत नाही. माझ्या मते तुमच्यासाठी तेच सगळ्यात मोलाचे आहेत, कारण तुमच्या यंत्रावर ओक्यू करताना, म्हणजे प्रक्रियेच्या कडा तपासताना, तुम्हाला नेमके तेच लागेल. करारात ‘फसलेल्या प्रयोगांसह सर्व कच्ची माहिती’ असे शब्द घाला. आणि तुमचा एक इंजिनिअर निदान तीन महिने तिकडे बसवा. पावडर चाळताना हात कसा चालतो, भाग प्लेटवरून कापण्याआधी काय पाहतात, हे कागदावर येत नाही.

याच ओघात क्रमाची एक गोष्ट. जाळीत अडकलेली सुटी पावडर उष्णता-प्रक्रियेच्या आधी काढायची असते. हिपिंगमध्ये, म्हणजे भागातली आतली छिद्रे मिटवण्यासाठी त्याला सगळीकडून वायूचा दाब आणि उष्णता देण्याच्या प्रक्रियेत, सुमारे ९२० अंश सेल्सिअस तापमान आणि १०० मेगापास्कल दाब असतो. आत राहिलेली पावडर तिथे काडीला चिकटून बसली की मग ती निघत नाही, आणि शरीरात गेल्यावर सुटली तर रुग्णाला त्रास. संशोधनाच्या नमुन्यात हे चालून जाते, कारण तो नमुना चाचणी-यंत्रात मोडून टाकायचा असतो. आपला भाग माणसात राहणार आहे. स्वच्छतेचे व्हॅलिडेशन तुमच्या प्रस्तावात पहिल्या दिवसापासून असू द्या.

चाचण्या कोण करणार, हेही आधीच ठरवा. यांत्रिक चाचण्या आयएसओ १७०२५ (चाचणी-प्रयोगशाळांच्या क्षमतेचे मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, जैव-सुसंगततेच्या चाचण्या जीएलपी (प्रयोगशाळेतल्या कामाचे आणि नोंदींचे ठरलेले नियम) पाळणाऱ्या प्रयोगशाळेत. ओईसीडी या देशांच्या संघटनेची १९८१ पासूनची व्यवस्था अशी आहे की एका सदस्य देशात जीएलपीनुसार आणि त्यांच्या ठरलेल्या पद्धतीने झालेली सुरक्षितता चाचणी दुसऱ्या देशात मान्य व्हावी. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत ही व्यवस्था जशीच्या तशी लागू होते असे समजू नका. पण जीएलपीचा शिक्का असला की प्रश्न कमी येतात एवढे नक्की. विद्यापीठाच्या प्रयोगशाळा बहुधा जीएलपीत नसतात. तिथल्या पेशींवरच्या चाचण्या दिशा ठरवायला वापरा, फाइलमध्ये पुरावा म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

आता पेटंट. निम्मा वाटा ऐकायला न्याय्य वाटतो, पण संयुक्त मालकीचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा आहे. अमेरिकेत करारात वेगळे लिहिले नसेल, तर सह-मालक दुसऱ्याला न विचारता पेटंट वापरू शकतो, तिसऱ्याला परवाना देऊ शकतो आणि त्या पैशांतला वाटाही त्याला द्यावा लागत नाही. म्हणजे विद्यापीठ उद्या तुमच्या स्पर्धकाला परवाना देऊ शकते. ब्रिटनमध्ये आणि भारतात परवाना द्यायला सह-मालकाची संमती लागते. तिथे उलट बाजूने अडते: तुम्हाला एखाद्या कंत्राटी उत्पादकाला परवाना द्यायचा असेल तर विद्यापीठाची सही हवी.

मी असते तर मालकीचा हट्ट धरला नसता. मालकी त्यांच्याकडे राहू दे. तुम्ही मणक्याच्या इम्प्लांटपुरता एकाधिकार परवाना घ्या, इतर क्षेत्रे आणि पुढच्या संशोधनाचा हक्क त्यांना मोकळा ठेवा. त्यांना संशोधन करत राहायचे असते, आपल्याला केज विकायचे असतात. दोन्ही एकत्र नांदू शकते. मात्र तुमच्या माणसांनी एकट्याने लावलेल्या शोधाची मालकी तुमचीच राहील, हे स्पष्ट लिहून घ्या.

आणि जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते हे: मी वर सांगितले त्यातले जवळजवळ काहीच पेटंटमध्ये नसते. सेटिंग्ज, चाळण्याचा क्रम, पावडर काढायची युक्ती हे सगळे माहितगारीचे ज्ञान, आणि त्यातले बरेचसे त्या केंद्राकडे प्रकल्पाच्या आधीपासून आहे. करारात त्याला बॅकग्राउंड म्हणतात. पेटंटचा निम्मा वाटा मिळूनही प्रकल्प संपल्यावर ते बॅकग्राउंड वापरायचा हक्क नसेल, तर तुमचे यंत्र थांबेल. म्हणून दोन्ही बाजूंनी काय आधीपासून आणले त्याची यादी परिशिष्टात जोडा, आणि प्रकल्प संपल्यानंतरही उत्पादनासाठी ते वापरता येईल अशी ओळ घ्या. वाटाघाटीत एकाच मुद्द्यावर ताणून धरायची वेळ आली, तर तो हा असू द्या.

प्रकाशनाबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. तिकडे हे काम बहुधा एखादा पीएचडीचा विद्यार्थी करेल. युरोपमध्ये पेटंटअर्जाच्या आधी काहीही जाहीर झाले, परिषदेतले पोस्टर असो की ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, तर नावीन्य जाते. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केले असेल तर १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. यावर उपाय म्हणून प्रकाशनबंदी मागू नका, चांगले केंद्र तिथेच उठून जाईल. मसुदा तीस दिवस आधी दाखवावा, गरज पडली तर पेटंटअर्जासाठी आणखी साठ दिवस थांबावे, एवढे मागा. आणि त्या तीस दिवसांत तुमच्या बाजूने उत्तर द्यायला एक माणूस नेमा. कंपनीत मसुदा कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो आणि तिकडे एखाद्याची पदवी लांबते, असे होऊ देऊ नका. एकदा अर्ज दाखल झाला की पॅरिस करारानुसार इतर देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात, आणि पीसीटीच्या (एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाच्या) वाटेने गेलात तर साधारण ३० महिने.

दोन देशांत बसलेल्या दोन माणसांनी मिळून शोध लावला असेल, तर पहिला अर्ज कुठे करायचा हेही आधी तपासा. अमेरिका आणि चीनमध्ये तिथे लागलेल्या शोधाचा अर्ज बाहेर करण्याआधी परवानगीची अट आहे, भारतात ती तिथल्या रहिवाशांना लागू आहे. एकाच शोधासाठी दोन देशांच्या परवानग्या लागू शकतात.

निर्यात-नियंत्रणाचे, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येईल अशा वस्तू आणि तंत्रज्ञान देशाबाहेर देण्यावरच्या बंधनांचे, नाव आले की आरोग्य क्षेत्रातले लोक म्हणतात, आम्ही शस्त्रे थोडीच बनवतो. पण पाच अक्षांची मशीन्स आणि ठरावीक मर्यादेवरची हिपिंगची भांडी वासेनार व्यवस्थेच्या (अशा निर्यातीबद्दल अनेक देशांनी मिळून केलेल्या समझोत्याच्या) याद्यांत आहेत, आणि त्यांच्याशी निगडित तंत्रज्ञानही. ई-मेलने पाठवलेली फाइल निर्यात ठरू शकते. अमेरिकेच्या नियमांत तर तिथल्याच प्रयोगशाळेत बसलेल्या परदेशी नागरिकाला असे तंत्रज्ञान दाखवणेही निर्यात मानतात. तुमच्या प्रकल्पात बहुधा काही अडणार नाही, पण ‘तपासले, लागू नाही’ असा कागद दोन्हीकडे असावा.

नमुने पाठवतानाची एक छोटी गोष्ट. आमचे एक पार्सल कस्टममध्ये तीन आठवडे अडकले, कारण आमच्याच माणसाने वर्णनात ‘इम्प्लांट’ लिहिले होते. साहजिकच उपकरणाची नोंदणी मागितली गेली. नोंदणी असणार कुठून, ते चाचणीत मोडायचे तुकडे होते. पुढच्या वेळेपासून कागदावर आणि प्रत्येक तुकड्यावरही ‘चाचणी-नमुना, माणसात वापरासाठी नाही’ असे कोरायला लागलो. तेव्हापासून असे पार्सल अडकलेले नाही.

रुग्णांचे सीटी स्कॅन वापरणार असाल तर नाव-गाव काढले म्हणजे ओळख पुसली असे समजू नका. डोक्याच्या आणि मानेच्या स्कॅनमधून चेहरा पुन्हा उभा करता येतो. युरोपातला डेटा असेल तर जीडीपीआर हा तिथला खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. शक्यतो स्कॅन बाहेर पाठवूच नका. मोजमापे तिकडेच काढून घ्या आणि फक्त आकडे आणा.

पैशांबद्दल थोडक्यात. युरेका या देशादेशांतल्या संयुक्त संशोधनाच्या जाळ्यात (ते १९८५ पासून आहे) प्रत्येक देश आपापल्या भागीदाराला पैसे देतो, त्यामुळे एकीकडे मंजुरी आणि दुसरीकडे नकार असे होऊ शकते. करारात ‘दोन्ही मंजुऱ्या आल्यावरच सुरुवात’ असे लिहा. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-निधी कार्यक्रमात संशोधन प्रकारच्या प्रकल्पांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत मदत मिळते, बाजाराजवळच्या प्रकारात नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला बहुधा ७० टक्के. पण तिथे स्पर्धा मोठी आहे आणि तुमचा देश पात्र आहे का, हे आधी पाहावे लागते.

राहिला दीड वर्षाचा प्रश्न. हे तुम्ही आधी कोणत्या बाजारात जाता यावर आहे. मणक्याच्या केजला अमेरिकेत जोखमीचा दुसरा वर्ग लागतो आणि तो बहुधा ५१०(के) मार्गाने, म्हणजे बाजारात आधीपासून असलेल्या उपकरणाशी तुल्य आहे हे दाखवून, जातो. युरोपात मणक्याच्या संपर्कात राहणारा इम्प्लांट म्हणून तोच भाग तिसऱ्या वर्गात बसतो आणि तपासणी बरीच खोल होते. शिवाय काही वेळ मुळातच कमी करता येत नाही. केजची फटीग चाचणी ५० लाख आवर्तनांची असते. ५ हर्ट्झने (सेकंदाला ५ आवर्तने) यंत्र अहोरात्र चालवले तरी एका नमुन्याला साडेअकरा दिवस. वेगवेगळ्या भारांचे, वेगवेगळ्या दिशांचे नमुने धरा, मध्येच एखादा फसला तर पुन्हा. माझा अंदाज असा की सेटिंग्ज गोठवायला एक वर्ष, तुमच्या यंत्रावर आणून व्हॅलिडेशन आणि चाचण्यांना आणखी एक वर्ष, आणि मग नियामकाचा वेळ. दीड वर्षात तुमच्या कारखान्यात, तुमच्या माणसांनी छापलेला आणि कागदपत्रे पूर्ण असलेला भाग हातात आला, तर प्रकल्प उत्तम चालला असे समजा. गुंतवणूकदारांना दीड वर्षात विक्री असे सांगितले असेल, तर ते आताच दुरुस्त करा.

बैठकीसाठी एक सुचवते. तुमच्या केजचे ड्रॉइंग आणि तुमचा कोरा ट्रॅव्हलर सोबत न्या. केंद्राच्या संचालकांशी बोलून झाले की प्रयोगशाळेत जा, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाजवळ बसा आणि त्यांनी छापलेल्या अलीकडच्या कुठल्याही नमुन्यासाठी तो कागद त्याच्याबरोबर भरून पाहा. अर्धा तास लागेल. जे रकाने रिकामे राहतील त्यांवर खूण करा, आणि दुसऱ्या दिवशीची बोलणी तिथून सुरू करा. बैठकीनंतर त्यांचे यंत्र कोणते आणि तुमचे कोणते ते कळवा, म्हणजे सेटिंग्ज आणण्याबद्दल आणखी नेमके सांगता येईल.